आजचे दोष

१ सप्टेंबर, सोमवार

स्पाच्या दारातल्या फळ्यावर आज चार दोष. ढग आलेत, वाफेची खोली कोमट राहील. टॉवेल उन्हात वाळवलेत, अंगाला खरखरीत लागतील. लिंबाच्या सालींचा लेप लावून कुणी गोरं होत नाही — आम्ही रोज लावतो, आमच्याकडे बघा. आणि मालकीण आज चिडलेली आहे.

चौथा सासूबाईंनी लिहायला लावला. म्हणाल्या, "माल विकताना दोष झाकायचा नाही, हा नियम फक्त टॉवेलांना आहे का?" मी म्हटलं, मी माल नाही. म्हणाल्या, "गिऱ्हाईक आत येऊन तोंड तर तुझंच बघतं ना?"

लिहिलं. करते काय! स्पा उघडला त्या दिवशी मीच छाती पुढे काढून सांगितलं होतं की सगळं धर्माच्या शिकवणीप्रमाणे चालवायचं. बायकांचा स्पा, पुरुषाची सावलीही नाही. तेलाला दारूच्या अर्काचा वास नाही. खोट्या जाहिराती नाहीत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी नमाजेआधी हातपाय धुताना, वजूला, पाणी जपून वापरा अशी शिकवण आहे, म्हणून एका बाईमागे दीड बादली. तेही वापरून झालं की खडी-वाळूतून गाळून मागच्या लिंबांना जातं. काम करणाऱ्याची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्यायची — हे पाळायला सोपं, आमच्याकडे घाम गिऱ्हाइकालाच येतो.

पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरवर पाटी आहे, 'सात दिवसांत सात वर्षं तरुण'. तिथे महिनाभर जाणारी एक बाई मला माहीत आहे. हिशोबाने आता तिला पाळण्यात घालायला हवं.

२ सप्टेंबर, मंगळवार

नळवाला येऊन गेला. दुपारी बंद असताना. बिचारा दारातूनच इतका खोकला की सासूबाईंनी त्याला आधी काढा दिला.

मालिशच्या खोलीतला गळका नळ दुरुस्त झाला. संध्याकाळपर्यंत तीन तक्रारी! "ते टपटप वाजायचं ते का बंद केलं? किती शांत वाटायचं!" म्हणजे दोन वर्षं ज्याची मला लाज वाटत होती ते या बायका संगीत समजून ऐकत होत्या.

नाही, पुन्हा सोडणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना शांतता हवी असेल तर तोंड मिटायला सांग."

ते मात्र कठीण. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की इथे कुणाची निंदानालस्ती करू नये. पण बाईला पालथं झोपवा, पाठीला कोमट तेल लावा, आणि बघा — दोन मिनिटांत जावेचं नाव निघतं. आमच्या मालिशवाल्या लोणीने यावर उपाय काढलाय. निंदा सुरू झाली की ती बरोबर खांद्याच्या गाठीवर अंगठा दाबते. बाई "आई गं" म्हणते आणि जाऊ सुटते.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज जे झालं ते लिहावं की नाही? लिहिते. इथे फळा नाही, फक्त मी आहे.

लोणीचंच झालं. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती कामाला लागली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्याकडून पाय चोळून घेतले आणि म्हणाल्या, "हात आहेत की लोणी!" तेच नाव पडलं. पाच वर्षं झाली. हा स्पा माझ्या नावावर आहे आणि तिच्या हातांवर चालतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. कशाला सांगू? डोक्यावर बसेल.

तर — बूटवाली आली होती, जिला सगळे खाला म्हणतात. तिची बुटांची तीन दुकानं आहेत आणि दोन्ही पायांना भोवऱ्या! पाय घमेल्यात सोडून बसली आणि लोणी टॉवेल आणायला गेल्यावर मला जवळ ओढलं.

"माझ्या मुलासाठी विचारतेय. कशी आहे पोरगी?"

तिचा मुलगा चार तासांवरच्या शहरात शाळामास्तर आहे. म्हणजे लोणी चार तास लांब!

"चांगली आहे," मी म्हटलं.

"चांगली आहे ते माझ्या पायांना कळतंय. दोष सांग. सोयरिकीसाठी कुणी विचारलं तर खरं सांगावं लागतं, तिथे निंदा होत नाही, हे तुला मी शिकवू? आणि तुझ्यासारखी दोष सांगणारी बाई गावात दुसरी नाही."

घ्या! माझाच फळा माझ्याच डोक्यात.

सांगितले. खरे सांगितले. म्हटलं, रोज सात मिनिटं उशिरा येते. खाला म्हणाली, "माझा मुलगा अर्धा तास." म्हटलं, काम करताना गुणगुणते, सांगूनही थांबत नाही. "घर जागतं राहील." म्हटलं, भलत्या ठिकाणी हसू येतं तिला, एकदा शेजारी मयतीच्या घरी हसली. "मेलेला कोण होता?" मी सांगितलं कोण. "मग मीही हसले असते."

म्हटलं, रागावली की भांडत नाही, गप्प होते, आणि टॉवेलांच्या घड्या इतक्या घट्ट घालते की उलगडत नाहीत. खाला खूश! "न भांडणारी सून! आणि तू याला दोष म्हणतेस?"

आता माझ्याकडचे खरे दोष संपले होते. लोणीची पावलं ऐकू येत होती. मी घसा खाकरला आणि माझ्या तोंडातून निघालं —

"आणि ती झोपेत चालते."

कुठून आलं, अल्लाह जाणे. त्याचा काही संबंध नाही म्हणा. माझ्याच डोक्यातून आलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

फळा कोरा ठेवला. हात धजेना.

सासूबाई काऊंटरमागून म्हणाल्या, "आज एकही दोष नाही? बरी आहेस ना?"

८ सप्टेंबर, सोमवार

बूटवाली पुन्हा आली. मला वाटलं होतं, तोंड दाखवणार नाही. आली ती सरळ लोणीच्या पुढ्यात पाय सोडून बसली आणि किती गोड आवाजात विचारलं, "रात्री झोप कशी लागते गं तुला?"

माझ्या हातातली तेलाची बाटली निसटली. सांडलं नाही, झाकण होतं.

"मेल्यासारखी झोपते," लोणी म्हणाली. "घर पडलं तरी कळायचं नाही."

खालाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी कणव होती! जणू म्हणत होती — बिचारीला स्वतःलाही ठाऊक नाही.

वाटलं, हसावं. मग वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. मग पुढची बाई आली, तिच्या पाठीला तेल लावलं. पोट आणि धंदा, दोन्ही थांबत नाहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

इस्तिखाराची नमाज पढले. अल्लाहला विचारलं, सांगू की नको? खरं तर मनात आधीच ठरवून बसले होते की 'नको' असंच उत्तर येईल. ठरवून विचारायला गेलं की काय होतं? काही होत नाही. झोपही लागत नाही.

एक गोष्ट इथे तरी स्पष्ट लिहिते. मला ती जायला नको आहे. धंद्यासाठी नको, हे खरं. पण नवरा गेल्यावर सहा महिने मी फक्त "हो", "नाही" आणि "टॉवेल" एवढंच बोलत होते, तेव्हा ही नवीन लागलेली पोरगी दिवसभर काहीबाही बडबडायची, मी उत्तर देवो न देवो. ती गेली की या खोल्यांत पुन्हा तेच तीन शब्द राहतील, याची मला भीती वाटते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारची नमाज आटोपून सुतार आला. वाफेच्या खोलीसाठी बाक केलाय, जुन्या दारांच्या फळ्यांचा. सुरेख झालाय. एका फळीला कडीचं भोक तसंच राहिलंय. म्हटलं राहू दे, उद्या फळ्यावर लिहीन — बाकाला भोक आहे, बोट घालू नये.

"एवढा उशीर का केलात?" मी विचारलं.

"काय सांगू बाई! बूटवाल्या बाईंचं काम मधेच आलं. जिन्याला फाटक करायचंय म्हणाल्या, तातडीने. वरच्या पायरीवर. बाहेरून कडी."

"फाटक? कशाला?"

"सून येणार आहे म्हणे, सणासुदीला इथे राहील. तिला झोपेत चालायची सवय आहे. पडली-बिडली तर?" तो बाकावर हात फिरवत राहिला. "मी म्हटलं, जागेपणी पळून गेलेल्या सुना पाहिल्यात, ही तऱ्हा पहिलीच. चांगलं लाकूड घातलंय. शंभर वर्षं हलणार नाही."

शंभर वर्षं! मी एक थाप मारली, आणि त्या बाईने ती लाकडात उतरवून घेतली!

आणि सोयरीक मोडायचं सोडून तिने फाटक बसवलं. सुनेसाठी! माझ्या लग्नाआधी माझ्या खोकल्याची चौकशी करायला सासरचे दोनदा आले होते.

१३ सप्टेंबर, शनिवार

सासूबाईंना सांगितलं. जपमाळ थांबली नाही, फक्त मणी जरा हळू सरकायला लागले.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"तू खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतेस. लग्नापासून. त्या दिवशी इथपर्यंत ऐकू आलं."

मी म्हटलं, तौबा केलीय, रोज माफी मागतेय. तर म्हणतात कशा — "माग की. तो माफ करेल. पण जिन्याचं फाटक तो येऊन काढणार नाही. आधी बूटवालीकडे जा."

१५ सप्टेंबर, सोमवार

गेले.

फाटक पाहिलं. कंबरेएवढं, नव्या पॉलिशचा वास, कडी गुळगुळीत. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मनात आलंच की आमच्या बाकापेक्षा याचं काम सरस आहे. सुताराला विचारलं पाहिजे.

खाला आतून आली. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "ती झोपेत चालत नाही. मी खोटं बोलले."

ती कडीकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग बसली, दुखऱ्या पायातला बूट काढला, आणि म्हणाली, "ती जाऊ नये म्हणून?"

"हो."

"मग तसं सांगायचं. तो तुझा दोष. तिच्या नावावर का घातलास?"

मी तिचा बूट उचलून सरळ ठेवला.

मी म्हटलं, फाटक काढून घ्यायचा खर्च मी देते. ती म्हणाली, "राहू दे. नातवंडं झाली की लागेलच." मग बोट रोखून म्हणाली, "पण हे तिला तू सांगायचंस. मी नाही. आणि फळ्यावर लिहून नाही, तोंडाने!"

१६ सप्टेंबर, मंगळवार

सांगणार होते. गिऱ्हाइकं फार होती.

(नव्हती. दोनच होती.)

१७ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं. लिंबांना पाणी सोडताना. खालाने मागणी घातली इथपासून ते फाटकापर्यंत. मागणीचं तिला घरून कळलं होतं. फाटकाचं नाही.

मला वाटलं होतं, हसेल. भलत्या ठिकाणी हसू येतं ना तिला! नाही हसली.

"म्हणजे दोन आठवडे त्या मला वेडी समजत होत्या?"

"वेडी नाही गं, झोपेत..."

ती आत गेली. टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टॉवेल विटांसारखे.

फळ्यावर लिहिलं: टॉवेल उलगडायला वेळ लागेल. दोष मालकिणीचा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अजून विटाच. आता त्यांची भिंत बांधता येईल. आज गुणगुणलीही नाही. एका बाईने जावेचं नाव काढलं, तरी अंगठा दाबला नाही, सगळं निमूट ऐकून घेतलं. अर्धा तास त्या जावेचं वस्त्रहरण! मलाच शेवटी खोकावं लागलं.

गप्प बसते तेव्हा किती मोठी वाटते ती.

२० सप्टेंबर, शनिवार

मुलगा बघायला आला. आत यायची सोय नाही, म्हणून पुढच्या अंगणातल्या बाकावर. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला लोणी, आणि पलीकडे खुर्च्यांवर आम्ही तिघी पहाऱ्याला — सासूबाई, बूटवाली, मी. सासूबाईंना कमी ऐकू येतं असं त्या सांगतात. आज बघितलं, खुर्ची सरकवून सरकवून बाकाला लावली!

तो पाऊण तास उशिरा आला. रस्ता चुकला. शिकवतो काय? भूगोल!

लोणी तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "माझे दोष तुम्हाला कळलेच आहेत. एक जास्तीचाही कळलाय. आता तुमचे सांगा."

त्याने खरंच बोटं मोजली. म्हणाला, रस्ते चुकतो. नाही म्हणता येत नाही, म्हणून शाळेतली नको ती कामं अंगावर येतात. घोरतो. आईचं सगळं ऐकतो — इथे बूटवाली ताठ बसली — "म्हणजे ऐकून घेतो. करतोच असं नाही."

मला तो आवडला. हीच तर पंचाईत! दात-ओठ खावेत असा एकही दोष नाही मेल्यात.

पुढचं त्यांनी हळू आवाजात बोलून घेतलं. सासूबाईंनी ऐकलं असणार. विचारलं तर म्हणतात, "मला कुठे ऐकू येतं?"

२३ सप्टेंबर, मंगळवार

लोणीने होकार दिला.

मला सांगितलं तेव्हा मी "मुबारक" म्हटलं, तिला जवळ घेतलं, आणि बाक तपासते म्हणून वाफेच्या खोलीत गेले. रडायला उत्तम जागा आहे. चेहरा लाल झाला तरी कुणी विचारत नाही, उलट कांती उजळली म्हणतात.

फार रडले. ते तीन शब्द आठवले.

बाहेर आले तर टॉवेलांच्या घड्या सैल होत्या. मला माफ केलं म्हणून की जायचं ठरलं म्हणून, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

नवीन मालिशवाली बघायला काढली. आज एक आली होती. हात बरे आहेत. पण किती शांत! दोन तासांत एक शब्द नाही. मी तिला म्हटलं, कळवते.

फळ्यावर लिहिलं: महिन्याभरात आमचे सगळ्यात चांगले हात जाणार आहेत. आत्ताच येऊन घ्या.

लोणीने जाता-येता वाचलं. पुसलं मात्र नाही. नुसती गुणगुणत गेली. आज मला त्या गुणगुणण्याचा राग आला, इतका आनंद कसला!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नमाजेनंतर बूटवाली आली, पाय दाखवायला नाही. लग्नाची बोलणी पक्की झाली. मुलाने विचारलं होतं, नवऱ्याकडून तुझ्या हक्काची मेहर काय हवी? सोनं, घर, सांग. लोणीने मागितला या स्पाचा अर्धा हिस्सा, माझ्याकडून विकत घेऊन! मला न विचारता! मुलगा लगेच 'हो' म्हणाला, नाही म्हणताच येत नाही त्याला. इकडच्या शाळेत बदलीचा अर्ज आजच टाकलाय. सासूबाईंना शनिवारपासून माहीत होतं!

मी लोणीला म्हटलं, "आणि मी विकणार नाही म्हटलं तर?"

"विकाल," ती म्हणाली. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "पण विकणाऱ्याने आधी दोष सांगायचे असतात, आपा. सांगा."

छप्पर, पाण्याची टाकी, भिंतीची ओल सांगितली. मग माझे सुरू केले. घसा एकदाही खाकरला नाही. संध्याकाळच्या अजानपर्यंत सांगत होते. ती एकदाच उठली, मला पाणी आणायला.